चार बोटांची मूठ

महिपत उतेकर कुणाशी हात मिळवत नसे. समोर कुणी आलं की तो मान लववायचा आणि उजवा हात खांद्यावरच्या टॉवेलाखाली सारायचा. पोलादपूरच्या बाजारात नव्यानं आलेल्या माणसाला हा शिष्टपणा वाटे. जुन्यांना ठाऊक होतं की त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट मुळापासूनच नाही.

मी तेहतीस वर्षं शाळेत कारकुनी केली, म्हणून गाव मला भाऊसाहेब म्हणतं. माझं अक्षर चांगलं आहे. महिपतचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालत गेल्यासारखं. आमची मैत्री एवढ्याच भांडवलावर उभी होती. तो मुंबईत एका बंदुकांच्या दुकानात पंचवीस वर्षं कारागीर होता. तिथून परत आल्यावर रानडुकरांसाठीच्या शेतसंरक्षणाच्या बंदुका दुरुस्त करायचा. पण त्याचं खरं नाव होतं जुन्या हत्यारांची पारख करण्यात. महाड-पोलादपुरात कुणाच्या घरी वाटणी निघाली किंवा कुणा शौकिनानं जुनं पिस्तूल मागितलं, की आधी महिपतला बोलावणं जाई. तो पारख सांगायचा आणि मी दाखला लिहायचो. खाली तो सही करायचा, ती मात्र कोंबडीचीच.

त्याच्या कामाची एक रीत होती. पिस्तूल हातात आलं की लोक आधी चांदीचं नक्षीकाम दाखवतात. तो तिकडे बघतसुद्धा नसे. आधी पिशवीतून लोखंडी गज काढायचा, नळीच्या बाहेरून माप घ्यायचा, मग तोच गज नळीत सोडायचा. गज बाहेरच्या मापाइतका आत गेला नाही, तर आत बार भरलेला आहे असं समजायचं. मुंबईत एकदाच त्यानं ही गोष्ट टाळली होती. पुण्याकडच्या एका गिऱ्हाइकानं “रिकामं आहे” असं सांगितलं आणि हा पठ्ठ्या विश्वासून बसला. चाप त्याला नीट सापडेना, म्हणून बोट वर कुठेतरी ठेवलं आणि बार उडाला. बोट कुठे गेलं ते दुकानातल्या कुणालाच सापडलं नाही. हे सांगताना तो नेहमी हसायचा, पण मी कधी हसलो नाही.

गजानंतर पाळी मुठीची. “दुकानातला सदरा कुणालाबी होतो, भाऊसाहेब,” तो म्हणायचा, “पर मापानं शिवलेला एकालाच होतो. सांगून करून घेतलेलं पिस्तूल तसंच हाय.” मग तो घरातल्या सगळ्यात तरुण माणसाच्या हातात पिस्तूल द्यायचा, स्वतः चार पावलं मागे सरायचा आणि डोळे बारीक करून बघत राहायचा. मूठ हातात कुठे बसते ते तो बघत नसे, कुठे बसत नाही ते बघायचा. “जिथं बसत नाय, तिथं मूळ मालक असतोय.” एवढ्यावरून तो सांगायचा की हे डावखुऱ्याचं आहे, हे आखूड अंगठ्याच्या माणसाचं आहे, किंवा हे कुणाचंच नाही, बाजारू आहे. हिरकणीवाडीच्या एका खाणावळवाल्यानं एकदा मोठ्या थाटात एक पिस्तूल आणलं होतं. त्याच्या पणजोबाला म्हणे सरदारानं दिलेलं. महिपतनं ते हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, “नाटकवाल्यांचं हाय. दिवाळीत टिकल्या वाजवा.” तो माणूस पुढे वर्षभर आमच्याशी बोलला नाही. पण महिपतनं कमीचं जास्त आणि जास्तीचं कमी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या घरात दुसरी इस्टेट नव्हती. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. होता तो शब्दच.

तो शब्द त्यानं तुडीलला मोडला, आणि तो माझ्या हातानं मोडला. म्हणून हे मला लिहायलाच हवं.

तुडीलच्या सयाजीरावांचा निरोप आला तेव्हा गणपती जाऊन चार दिवस झाले होते. त्यांच्या घरी एक पिस्तूल होतं. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. त्याची किंमत करायची होती. आम्ही दुपारी पोचलो. नदीकाठचं नवं दुमजली घर, गुळगुळीत फरशी, भिंतीवर भला मोठा टीव्ही. वीज गेलेली होती. आभाळ इतकं भरून आलेलं की भरदुपारी घरातली माणसं नुसती आकारानं कळत होती. खिडकीतून सावित्री दिसत होती. पलीकडच्या गाळावर एक मगर कधीपासून पडून होती आणि आम्ही निघेपर्यंत ती हलली नाही.

घरात तिघं होती. सयाजीराव, वय साठीचं. त्यांची आई गोदूबाई, नव्वदीला टेकलेली, खिडकीशी खुर्चीत बसलेली. आणि मुलगा यशराज, मुंबईत दातांचा डॉक्टर, नुकतंच लग्न ठरलेला, गोड बोलणारा.

पिस्तूल देवघरातून आलं ते लाल फडक्यात. फडकं सोडलं आणि मला क्षणभर कळेना की हे काय आहे. शेंदूर! दरवर्षी खंडेनवमीला वरून नवा थर, कधीही न काढलेला. नळी, मूठ, चाप, सगळं एका केशरी गोळ्यात बुडालेलं. त्याला देव करून टाकलं होतं, आणि देवाला आपल्याकडे कुणी खरवडून बघत नाही.

“इकायचं हाय,” गोदूबाई म्हणाल्या. “खंडेनवमीच्या आत इकायचं.”

“आये, किंमत तर कळू दे,” सयाजीराव म्हणाले. “खानदानी वस्तू हाय. मातीच्या मोलानं देणार नाय मी.”

म्हातारी महिपतकडे वळली. त्या घराची चाल तिनं सांगितली. ज्या साली मुलाचं लग्न ठरेल, त्या सालच्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर पिस्तूल त्याच्या उजव्या हातात द्यायचं. “माज्या सासऱ्याच्या हातात दिलं, त्याच साली बोट चरकात गेलं, ऊस घालताना. मालकांच्या हातात दिलं, त्याच साली फुरसं चावलं. वैद्यानं बोट तोडलं म्हनून जगले. आनि ह्याचं,” तिनं मुलाकडे हनुवटी केली, “कंपनीत, मशिनीत. त्याच साली. तिघांचंबी ह्येच बोट.” तिनं आपलं अंगठ्याशेजारचं बोट वर केलं. “आता ह्या पोराची पाळी हाय. आनि ह्यो लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरतोय.”

मी सयाजीरावांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो मांडीखाली घेतला. यशराज हसून म्हणाला, “आजी, ते अॅक्सिडेंट होते गं.”

माझंही तेच मत होतं आणि मी ते बोलून दाखवलं. आपल्या भागात चरक, विळे, कंपन्यांची मशिनं. ओळीनं दहा घरं फिरलं तर तीन तुटकी बोटं कुठेही सापडतील. म्हातारीनं माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. “ह्येच बोट?” तिनं विचारलं. मी दाखल्याचा कागद काढला.

महिपतनं खोबरेल गरम करून मागितलं आणि खिडकीशी, होता तेवढ्या उजेडात बसला. नळीच्या तोंडाचा शेंदूर काढून त्यानं आधी गज घातला. बाहेरचं माप आणि आतलं माप सारखं भरलं. रिकामं होतं. मग उजव्या हातावर टॉवेल तसाच ठेवून कापसाच्या बोळ्यानं मुठीवरचे थर उतरवायला लागला. तासभर गेला. निघालेला शेंदूर गोदूबाई एका वाटीत जमा करत होत्या, नदीत सोडण्यासाठी. आतून काळसर शिसवीची मूठ वर आली. इतकं सुबक काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. महिपतचा चेहरा खुलला. असा तो क्वचितच खुलायचा.

मग त्यानं रीतीप्रमाणे पिस्तूल यशराजच्या उजव्या हातात दिलं आणि चार पावलं मागे सरला.

“काका, ग्रिप विअर्ड आहे,” यशराज म्हणाला. “हे पहिलं बोट ठेवू कुठे? जागाच नाहीये.” त्याचं बोट मुठीवरच्या एका उंचवट्यावरून घसरून वर जात होतं, बार उडवणाऱ्या घोड्याखाली. त्यानं दुसऱ्या हातानं मोबाइल काढून दोन-तीन फोटो घेतले.

महिपत बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं खुललेलं सगळं गेलं. तो पुढे झाला आणि त्यानं पिस्तूल जवळजवळ हिसकावून घेतलं. नळीच्या पोटाचा शेंदूर तो नखानंच खरवडायला लागला. लोखंडात कोरलेला एक लहानसा मासा निघाला आणि त्याच्या शेपटीपाशी देवनागरी दोनचा आकडा. यशराजनं त्याचाही फोटो घेतला.

“जोडीतलं हाय,” तो मला म्हणाला, पण आवाज त्याचा नव्हता. “भाऊसाहेब, मुंबईला ज्यानं माजं बोट नेलं त्याच्यावर ह्योच मासा होता. एकचा आकडा होता.”

मग त्यानं टॉवेल बाजूला टाकला. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यानं तो हात उघडा केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं मूठ हातात घेतली. जिथे बोट नव्हतं तिथे तो उंचवटा अलगद जाऊन बसला, आणि मधलं बोट आपसूक चापावर आलं. बाकी कुठे केसाइतकीही फट राहिली नाही. ज्या कुणा कारागिरानं ते केलं, त्यानं पहिलं बोट नसलेल्या माणसाच्या मापानं केलं होतं. शेंदराखाली हे शंभर-सव्वाशे वर्षांत बाहेरच्या कुणाला दिसलंच नव्हतं.

“बसलं,” गोदूबाई पुटपुटल्या. “मालकांच्या हातातबी पुढं असंच बसायचं.”

महिपतनं पिस्तूल फडक्यावर ठेवलं आणि सयाजीरावांना सांगितलं, “नकली हाय.”

“काय?”

“नकली. कुणीतरी जुन्याची नक्कल केलीय. शोभेची वस्तू. काय किंमत नाय हिला.”

मी दाखल्याच्या कागदावर पेन टेकवून तसाच बसलो. तो खोटं बोलतोय हे मला लख्ख दिसत होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “लिवा, भाऊसाहेब,” तो म्हणाला. मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेला पहिला खोटा दाखला तो.

सयाजीराव खट्टू झाले. गोदूबाईंनी मात्र क्षणही घालवला नाही. “मंग ह्याला देऊन टाक,” त्या म्हणाल्या. “ह्याच्याकडनं घेन्यासारकं काय ऱ्हायलं नाय.” एका नारळावर आणि सव्वा रुपयावर सौदा झाला. कागदांचे सोपस्कार पुढे रीतसर झाले. तो सव्वा रुपया म्हातारीनं आपल्या हातानं घेतला आणि शेंदराच्या वाटीत टाकला.

परतताना मी महिपतवर भडकलो. “एवढी भीती वाटते, तर जाता जाता पुलावरून फेकून दे ना नदीत!”

“अस्सल काम बुडवाया माजा हात होत नाय,” तो म्हणाला. पुढे म्हणाला, “मी त्या पोराच्या हातात दिलं, भाऊसाहेब. म्हातारी खंडेनवमीची वाट अडवत होती, आनि मी आधीच दिलं. माज्या रीतीपायी.”

तिथून पुढचे सहा महिने आमच्या मागे एकच गोष्ट लागली: त्या पोराचा हात. दर रविवारी महिपत माझ्या ओट्यावर यायचा आणि यशराजला फोन लावायला सांगायचा. आता दातांच्या डॉक्टरला फोन करायला निमित्त लागतं. माझ्या तोंडात दात उरलेत सहा. त्या सहांच्या मी सहा महिन्यांत इतक्या तक्रारी केल्या की पोरगा म्हणाला, “काका, एकदा येऊनच जा, सगळे काढून टाकू.” फोन ठेवला की महिपत विचारायचा, “हात?” मी म्हणायचो, “ठीक आहे.” मग तो चहा प्यायचा.

पिस्तूल त्याच्या घरी पेटीत असायचं. त्यानं त्याला पुन्हा शेंदूर लावला नाही. एकदा मी अचानक गेलो तर तो ते हातात घेऊन बसलेला, डोळे मिटून. मला म्हणाला, “ह्ये हातात असलं की बोट असल्यागत वाटतंय.” त्यानंतर मी त्याच्याकडे सांगितल्याशिवाय जात नसे.

दिवाळीनंतर भांडं फुटलं. यशराजनं काढलेले फोटो कुणीतरी पुण्याच्या एका संग्राहकाला दाखवले. त्यानं कळवलं की माशाच्या छापाची पिस्तुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि जोडीतलं मिळालं तर तो तोंडाला येईल ती रक्कम देईल. सयाजीराव गाडी घेऊन थेट पोलादपूरच्या बाजारात आले. आठवडी बाजाराचा दिवस. दोनशे माणसांसमोर त्यांनी महिपतला चोर म्हटलं. नारळावर खानदानी वस्तू लाटली म्हणाले. महिपत चहाच्या टपरीसमोर टॉवेलाखाली हात घेऊन उभा होता. मी तोंड उघडायला गेलो, तर त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. काय सांगणार होतो मी तरी? कुणी विश्वास ठेवला असता?

त्यानंतर त्याच्याकडे कुणी हत्यार आणलं नाही. बंदुकांची दुरुस्तीसुद्धा लोक महाडला न्यायला लागले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. जन्मभर खरं बोललेल्या माणसाला एका खोट्यापायी लोकांनी वाळीत टाकलं, आणि ते खोटं त्यानं त्यांच्याच पोरासाठी बोललेलं. होळीनंतरच्या आठवड्यात तो झोपेतच गेला. शेजाऱ्यांनी मला बोलावलं. पेटी उशाशी होती, किल्ली त्यानं माझ्या नावाच्या पाकिटात ठेवलेली. पाकिटात घडी केलेला एक कागदही होता.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी सयाजीराव आले, सकाळी दहाला, यशराजला घेऊन. पिस्तूल परत हवं होतं. मी म्हटलं बसा. पेटी आणली, उघडली, आणि महिपतचा कागद सयाजीरावांच्या हातात दिला. तो दाखला होता, त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला एकमेव. अक्षर लावायला त्यांना वेळ लागला. नळीचं माप, लाकूड, छाप, आकडा, सगळी पारख खरी आणि नेटकी. खाली लिहिलं होतं: “वस्तू अस्सल. जोडीची किंमत आजवर चार बोटं, तुडीलची तीन आणि माझं एक. पुढची किंमत मालकानं ठरवावी.”

सयाजीरावांनी तो कागद दोनदा वाचला. तेवढ्यात यशराज पेटीवर वाकला आणि त्यानं उजवा हात पुढे केला. त्या हाताच्या पहिल्या बोटाला पांढरी पट्टी होती.

“हे काय?” मी विचारलं.

“काही नाही काका, परवा ड्रिलचं टोक लागलं. दोनच टाके.”

सयाजीरावांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की पोरगा कळवळला. “तू नको. सरक मागं.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पिस्तूल उचललं. महिपतच्या हातात बसलं होतं तसंच ते त्यांच्या हातात बसलं. उंचवटा मोकळ्या जागेत, मधलं बोट चापावर.

माझं डोकं फिरलं. “म्हणजे हे बोट घेतं ते तुम्हाला ठाऊक होतं!” मी ओरडलो. “मग त्याला चोर का म्हणालात?”

“काय म्हनू दुसरं?” ते म्हणाले. “खरं म्हटलं असतं, तर ह्या पोराला सांगावं लागलं असतं की मला माहीत असून मी त्याच्या हातात देनार होतो. किमतीपायी इकायचं थांबलो होतो मी, भाऊसाहेब.”

मी म्हटलं, बाजारात ओरडलात, आता बाजारातच सांगा. ते गेले. टपरीसमोर उभे राहिले आणि चहा पिणाऱ्या पाच-सहा माणसांना, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, “महिपतनं किंमत बरोबर केली व्हती.” लोकांना काही कळलं नाही. मला तेवढं पुरलं.

गाडीत बसताना सयाजीरावांनी पेटी मांडीवर घेतली. पोराला स्टिअरिंगवर बसवलं नाही, ड्रायव्हर बोलावला. मग काच खाली करून मला विचारलं, “भाऊसाहेब, मधल्या दिवसांत तुमी हात नाय ना लावलात ह्याला?”

“नाही,” मी म्हणालो.

महिपत गेला त्या सकाळी मी पेटी उघडली होती. तो त्यात काय बघायचा ते बघावं, एवढंच मनात होतं. माझं पहिलं बोट उंचवट्यावरून घसरून वर गेलं, आणि मी पिस्तूल ठेवून दिलं. फार तर पाच सेकंद झाली असतील.

हसायचं तर हसा. गेल्या रविवारी यशराजला फोन केला होता, टाके निघालेत, बोट शाबूत आहे. आणि मी घरातली विळी शेजारच्या बनुबाईंना देऊन टाकली आहे. नारळ आता त्याच खोवून देतात.